टँक फार्मवर नवीन लागलात? कच्चं तेल आणि वायूच्या टाक्यांवर काम शिकण्याचा क्रम

माहुल, ट्रॉम्बे, उरण, न्हावा-शेवा या पट्ट्यात आयटीआय आणि डिप्लोमा करून बाहेर पडलेली कितीतरी मुलंमुली टँक फार्मवर, म्हणजे तेल-वायूच्या टाक्यांच्या आवारात, लागतात. कुणी अ‍ॅप्रेंटिस म्हणून, कुणी ठेकेदाराकडून. सेफ्टीचं ट्रेनिंग होतं, हेल्मेट-बूट मिळतात आणि लगेच शिफ्ट सुरू होते. समोर टाक्यांच्या रांगा. पंपाजवळ आवाज असतो, कॉम्प्रेसरजवळ धडधड असते, टाकीजवळ मात्र सगळं शांत. त्यामुळे इथे काही घडतच नाही, असं नव्या माणसाला वाटून जातं.

खरं तर टाकीत सतत काहीतरी चाललेलं असतं. दुपारच्या उन्हात तेल फुगतं, पहाटे आकसतं, तळाशी पाणी आणि गाळ बसतो, पृष्ठभागावर वाफ तयार होते, तरंगतं छत वरखाली होतं. ऑपरेटरला दोन प्रश्नांची उत्तरं झोपेतून उठवलं तरी देता आली पाहिजेत: टाकीत आत्ता किती माल आहे, आणि तो कुठून कुठे चालला आहे. उत्तर स्क्रीनवरून वाचून चालत नाही, स्वतः खात्री केलेलं लागतं. तेलाच्या साठवणुकीतल्या मोठ्या दुर्घटना बघितल्या, तर बहुतेक ठिकाणी या दोनांपैकी एका प्रश्नाचं उत्तर त्या वेळी कुणाकडेच नव्हतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन प्रश्नांसाठी आहेत.

आधी माल येतो कुठून ते पाहू. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं. तिथलं तेल आणि वायू समुद्राखालच्या पाइपलाइननं उरणला येतो. उरणला तेलातलं पाणी आणि वायू वेगळा होतो, तेल टाक्यांत साठतं आणि पाइपलाइननं ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे जातं. आखातातून आलेलं आयात तेल जहाजानं जवाहर द्वीपाला, म्हणजे आपल्या बुचर आयलंडला लागतं. जहाज एकदम हजारो टन माल उतरवून निघून जातं. रिफायनरीला तोच माल रोज ठरावीक दरानं, न थांबता लागतो. हा मेळ घालायला टाकी लागते.

पहिली पायरी: गेटच्या आत पाय ठेवण्याआधी

मोबाईल, स्मार्टवॉच, लायटर, गाडीची रिमोटची किल्ली बाहेर ठेवायची. कपडे सुती हवेत. नायलॉन-पॉलिस्टरच्या कपड्यांत स्थिर वीज साठते आणि पेट्रोलच्या वाफेला तेवढी ठिणगी पुरते.

आत शिरलात की आधी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, शोधा. वारा कुठून कुठे वाहतोय हे दिवसभर डोक्यात ठेवा, कारण गळती झाली तर वाऱ्याला आडवं जाऊन मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला पळायचं असतं आणि ते ठरवायला तेव्हा वेळ मिळत नाही.

हायड्रोजन सल्फाइडची भीती मनात पक्की बसू द्या. बॉम्बे हायचं तेल ‘स्वीट’ आहे, म्हणजे त्यात गंधक कमी. आखातातलं बरंचसं तेल ‘सावर’ असतं. अशा तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं की हा वायू बाहेर येऊ शकतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. ‘आता वास गेला, म्हणजे वायू गेला’ असं समजून पुढे गेलेली माणसं दगावली आहेत. त्यामुळे नाकावर विसंबू नका. खिशाला लावलेला डिटेक्टर चालू आहे ना आणि त्याची बंप टेस्ट (थोडा वायू देऊन अलार्म वाजतो का ते बघणं) झाली आहे ना, एवढं रोज बघा.

दुसरी पायरी: टाक्या ओळखायला शिका

टाकीच्या अंगावर नेमप्लेट असते. नंबर, व्यास, उंची, क्षमता, कुठल्या मानकाप्रमाणे बांधली (बहुधा एपीआय ६५०, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं टाक्या बांधण्याचं मानक), कधी बांधली. आपल्या विभागातल्या सगळ्या टाक्यांच्या नेमप्लेट वहीत उतरवून घ्या. साहेब सांगतील म्हणून थांबू नका.

ढोबळपणे दोन प्रकार दिसतील. डिझेल, फर्नेस ऑइल अशा कमी उडणाऱ्या मालासाठी शंकूच्या आकाराच्या स्थिर छताची टाकी. कच्चं तेल, पेट्रोल, नाफ्था यांसाठी तरंगत्या छताची, म्हणजे फ्लोटिंग रूफची. तिचं छत थेट तेलावर तरंगतं, त्यामुळे तेल आणि छत यांच्यामध्ये वाफेला जागाच उरत नाही. वाफ कमी, म्हणजे नुकसान कमी आणि आगीचा धोकाही कमी. छत आणि भिंत यांच्यामधल्या फटीत रिम सील असतं. फ्लोटिंग रूफच्या बहुतेक आगी तिथेच लागतात, म्हणून फोमच्या नळ्या वर कडेनं बसवलेल्या दिसतील.

तेल फार खाली गेलं की छत स्वतःच्या पायांवर टेकतं. टेकलं की खाली हवा शिरते, वाफ आणि हवा मिसळतात, आणि ज्यासाठी तरंगतं छत बसवलं तो फायदाच संपतो. म्हणून छत पायांवर उतरवायचं ते फक्त ठरवून, साफसफाईसाठी. आपल्या टाकीचं छत किती मिलिमीटरवर टेकतं तो आकडा पाठ हवा.

स्थिर छताच्या टाकीवर हवा आतबाहेर करणारी वाट, म्हणजे व्हेंट असतं, आणि त्यावर ब्रीदर व्हॉल्व असतो. माल भरताना आतली हवा तिथून बाहेर जाते, काढताना बाहेरची आत येते. हजारो टन तेलाचा दाब पेलणारी टाकी आतल्या थोड्याशा निर्वातानंसुद्धा चेपते, कारण तिचं छत अवघ्या पाचेक मिलिमीटरच्या पत्र्याचं असतं आणि भिंतीचे वरचे पत्रेही पातळ. रंगकाम करताना व्हेंटवर बांधलेला प्लास्टिकचा कागद काढायचा राहिला आणि पंप सुरू केल्यावर टाकी आत दबली, असं जगात अनेक ठिकाणी झालं आहे. टाकीवर कुठलंही काम झालं की माल हलवण्याआधी वर चढून व्हेंट डोळ्यांनी बघा.

तिसरी पायरी: लाइन पायी चालून बघा

ड्रॉइंग हातात घ्या आणि टाकीच्या नोझलपासून (पाइप जोडायचं तोंड) पंपापर्यंत, पंपापासून मॅनिफोल्डपर्यंत (अनेक लाइन एकत्र येतात ती जागा) चाला. वाटेतला प्रत्येक व्हॉल्व, प्रत्येक ब्लाइंड (लाइन पक्की बंद करणारी चकती), प्रत्येक ड्रेन, प्रत्येक व्हेंट. मग ड्रॉइंग बाजूला ठेवून तीच लाइन स्वतः काढा. जिथे हात अडेल, तिथे परत जा. माझ्या मते पहिल्या महिन्यात एवढं एकच काम नीट केलं, तरी पुढचं सगळं सोपं जातं. जुने ऑपरेटर अंधारातही नेमक्या व्हॉल्ववर हात ठेवतात ते असंच चालून चालून.

टाक्यांभोवतीची भिंत किंवा बांध म्हणजे डाइक. त्यातली सगळ्यांत मोठी टाकी फुटली तरी तेल बाहेर जाऊ नये एवढी जागा त्यात हवी. डाइकमधून पावसाचं पाणी काढायला ड्रेन व्हॉल्व असतो आणि तो बाहेरच्या बाजूला असतो. हा व्हॉल्व कायम बंद. पाणी काढायचं तेव्हा समोर उभं राहून उघडायचा, पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना ते आधी बघायचं, काम झालं की स्वतः बंद करायचा आणि नोंद करायची. उघडा राहिलेला डाइक व्हॉल्व म्हणजे डाइक नसल्यासारखंच.

चौथी पायरी: हातानं डिप घ्यायला शिका

डिप म्हणजे टेप सोडून टाकीतल्या तेलाची उंची मोजणं. बहुतेक टाक्यांवर आता रडार गेज असतो आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर लेव्हल दिसते. तरीही डिप टेपवर हात बसलाच पाहिजे, कारण गेज बरोबर दाखवतोय की नाही हे टेपशिवाय कळत नाही.

माल नुकताच भरला असेल तर निदान अर्धा तास थांबा. पाइपमधून, फिल्टरमधून वाहताना तेलात स्थिर वीज साठते आणि ती निचरायला वेळ लागतो. आकाशात गडगडाट असेल तर टाकीवर चढूच नका. चढताना एक हात कठड्यावर मोकळा ठेवा, टेप आणि बाटल्या पिशवीत. वर पोचल्यावर उघड्या हातानं कठड्याला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची वीज उतरते. वारा पाठीवर किंवा बाजूनं येईल असे उभे राहा आणि हॅच, म्हणजे छतावरचं मोजणीचं झाकण, उघडून क्षणभर तोंड बाजूला ठेवा.

हॅचजवळ एक आकडा कोरलेला असतो. हॅचवरच्या खुणेपासून तळाच्या डेटम प्लेटपर्यंतचं (जिथून उंची मोजतात ती पट्टी) अंतर, म्हणजे रेफरन्स हाइट. टेपच्या टोकाला पितळी बॉब, म्हणजे वजन असतं. टेप हॅचच्या कडेला टेकलेली ठेवत हळूहळू सोडा. रेफरन्स हाइटच्या जवळ आलात की वेग अगदी कमी करा. बॉब प्लेटला टेकल्याचं बोटांना कळतं, अगदी हलकासा धक्का असतो. त्याच क्षणी थांबा. टेप आणखी सोडली तर बॉब आडवा पडतो आणि रीडिंग जास्त येतं. टेकल्यावर हॅचच्या खुणेशी टेपवरचा आकडा रेफरन्स हाइटशी जुळतो का बघा. तो कमी येत असेल तर खाली गाळ साठला आहे, आणि तुमची डिप त्याच गाळावरून मोजली जाते आहे.

टेप वर ओढा आणि तेलाची रेघ कुठे आहे ते लगेच वाचा. पेट्रोल किंवा हलकं तेल पटकन उडून जातं, म्हणून त्या भागात आधीच पेस्ट लावतात. बॉबला पाणी शोधायची वेगळी पेस्ट लावतात. पाणी लागलं तेवढ्या भागाचा रंग बदलतो आणि तळाशी पाणी किती ते कळतं. सलग दोन रीडिंग तंतोतंत जुळली तर तीच धरा. नाही जुळली तर तीन घ्या आणि तिन्ही ३ मिलिमीटरच्या आत आहेत का पाहा. नसतील तर पुन्हा.

एवढा काटेकोरपणा कशाला? ६० मीटर व्यासाची टाकी घ्या. तिच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस मीटर. म्हणजे टेपवरचा एक मिलिमीटर म्हणजे २,८०० लिटरहून जास्त तेल. एक बॅरल १५९ लिटरचं, म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ अठरा बॅरल. अंगठ्याच्या नखाएवढ्या चुकीत हे कित्येकदा येऊन जातील.

पाचवी पायरी: डिपवरून हिशेब

प्रत्येक टाकीचं कॅलिब्रेशन टेबल असतं. डिप घालायची, घनफळ मिळतं. तळाचं पाणी वजा करायचं. मग तापमान. तेल गरम झालं की फुगतं, हलकं कच्चं तेल दर अंश सेल्सियसला ढोबळमानानं ०.०८ टक्के. टाकीत ३०,००० किलोलिटर तेल आहे आणि ते सकाळपेक्षा संध्याकाळी ५ अंशांनी गरम झालं, तर घनफळ १२० किलोलिटरनं वाढलेलं दिसेल. थेंबभरही आत आलेलं नसताना! म्हणून सगळे व्यवहार १५ अंशांवर आणून करतात. डेन्सिटी हायड्रोमीटरनं मोजायची, तापमान त्याच वेळी टिपायचं आणि टेबलवरून १५ अंशांची डेन्सिटी काढायची. कच्च्या तेलात वरचा, मधला, खालचा असे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतात, कारण वर आणि खाली तेल सारखं नसतं.

सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं. पण दोनचारदा कागदावर करा. उत्तर साधारण किती यायला हवं याचा अंदाज बसला की सॉफ्टवेअरला चुकीची डिप दिली गेल्याचं लगेच लक्षात येतं.

सहावी पायरी: माल भरणं

या पायरीवर घाई नको. आधी टाकीत किती रिकामी जागा आहे ते काढा. पूर्ण उंचीपर्यंत नाही, सेफ फिलिंग हाइटपर्यंतच. येणारा माल त्यापेक्षा कमी आहे ना? मग लाइन अप: कुठला व्हॉल्व उघडा, कुठला बंद, हे यादीवर टिक करत, शेताच्या बांधावरून पिकाची पाहणी करावी तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः फिरून. दुसऱ्या टोकाला कुणाची टाकी आहे, पंप कुणाच्या हातात आहे, थांबवायला सांगायचं तर कुणाला आणि कशावर, हे आधी ठरलेलं हवं.

सुरुवात मंद करायची. इनलेट तेलात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर तेल उसळून स्थिर वीज वाढते.

वेग वाढवल्यावर दर तासाला एक साधा हिशेब करा. ताशी १,००० किलोलिटर येत असेल तर ६० मीटर व्यासाच्या टाकीची लेव्हल तासाला सुमारे ३५ सेंटिमीटर चढली पाहिजे. चढत नसेल तर माल कुठेतरी दुसरीकडे जातोय किंवा गेज खोटं बोलतोय. दोन्हीत काम थांबवायचं आणि मग शोधायचं.

हे मी एवढं का धरून बसलो आहे, ते इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या टर्मिनलवर घडलेल्या प्रकारावरून कळेल. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे तिथे एका टाकीत पाइपलाइननं पेट्रोल भरलं जात होतं. पहाटे तीनच्या सुमाराला गेज एका आकड्यावर अडकला. पेट्रोल येत होतं, स्क्रीनवरची रेघ सपाट होती. सगळ्यांत वरच्या पातळीला पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही. टाकी भरून वरून पेट्रोल वाहू लागलं, वाफेचा ढग आवारभर पसरला आणि सहा वाजता स्फोट झाला. रविवार पहाट असल्यामुळे जीवितहानी झाली नाही, जखमी मात्र चाळीसच्या वर झाले. तीन ते सहा या वेळात कुणी ‘एवढा माल आला, मग लेव्हल का चढत नाही?’ असं विचारलं असतं, तर पुढचं टळण्याची संधी होती.

आपल्याकडचं उदाहरण जयपूरचं. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमधून शेजारच्या टर्मिनलला पेट्रोल पाठवायची तयारी चालली होती. लाइनवर हॅमर ब्लाइंड व्हॉल्व होता. असा व्हॉल्व फिरवताना वरचा भाग हवेला उघडा राहतो. तो तसा असतानाच टाकीकडचा व्हॉल्व उघडा होता, आणि पेट्रोलचा फवारा उडाला. जवळचा माणूस वाफेनं कोसळला, त्याला सोडवायला गेलेलाही. व्हॉल्व बंद करायला आत जाणं अशक्य झालं. सव्वा तासाच्या आसपास पेट्रोल वाहत राहिलं आणि मग स्फोट झाला. दहाहून अधिक माणसं गेली, टाक्या कितीतरी दिवस जळत राहिल्या. पुढे एम. बी. लाल समितीनं दिलेल्या शिफारशींमुळे देशभरच्या टर्मिनलवर दुरून बंद करता येणारे व्हॉल्व आणि हायड्रोकार्बन डिटेक्टर आले. तुमच्या टाकीच्या पायथ्याशी दिसणारा तो लाल बटणाचा व्हॉल्व त्यातूनच आलेला आहे. तो महिन्यातून ठरल्याप्रमाणे चालवून पाहिला जातोय ना, हे विचारायची लाज बाळगू नका.

कोसळलेल्याच्या मदतीला श्वसनयंत्र न लावता धावायचं नाही, हेही जयपूरनं शिकवलं. हे मनाला फार जड जातं. पण आधी आरडाओरडा करून अलार्म, मग पुरवठा बंद, मग यंत्र लावून आत. क्रम बदलला की एकाऐवजी दोघं जातात.

सातवी पायरी: तळाचं पाणी काढणं

कच्च्या तेलात पाणी असतंच. टाकी शांत ठेवली की ते तळाशी बसतं. ते काढलं नाही तर रिफायनरीला पाणी जातं, तळाचा पत्रा गंजतो. शिवाय आगीत मोठा धोका असतो: कच्च्या तेलाच्या टाकीला वरून आग लागून बराच वेळ जळत राहिली, तर उष्णता हळूहळू खाली उतरते. ती तळाच्या पाण्याला भिडली की पाण्याची एकदम वाफ होते, आकारमान दीडदोन हजार पटींच्या घरात वाढतं आणि जळतं तेल टाकीबाहेर फेकलं जातं. याला बॉइलओव्हर म्हणतात. व्हेनेझुएलातल्या टाकोआ इथे १९८२ साली फर्नेस ऑइलच्या टाकीत असंच होऊन दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत आग विझवणारे बरेच होते.

पाणी काढताना टाकीला लागून असलेला व्हॉल्व पूर्ण उघडा आणि दुसऱ्यानं प्रवाह कमीजास्त करा. म्हणजे दुसरा अडकला तरी पहिला बंद करता येतो. पूर्ण वेळ तिथेच उभं राहायचं. चहाला, फोनला, दुसऱ्या टाकीकडे, कुठेही नाही. पाणी संपून तेल सुरू व्हायला काही सेकंदच लागतात.

एलपीजीच्या गोलाकार टाकीवर हाच क्रम जिवाचा प्रश्न आहे. फ्रान्समधल्या फेझाँ इथे ४ जानेवारी १९६६ रोजी प्रोपेनच्या गोलाखाली नमुना काढताना व्हॉल्व थंडीनं गोठून बंद होईना. वायू सुटला, आग लागली, १८ जण गेले.

आठवी पायरी: पावसाळ्याची तयारी

कोकणपट्टीतल्या माणसाला पाऊस नवा नाही, पण टाकीवरच्या पावसाचा हिशेब नवा असतो. फ्लोटिंग रूफवर पडलेलं पाणी टाकीच्या आतून जाणाऱ्या रूफ ड्रेनच्या नळीनं बाहेर येतं. एपीआय ६५० प्रमाणे ड्रेन बंद पडला तरी छतानं २४ तासांत २५० मिलिमीटर पाऊस पेलला पाहिजे. ६० मीटर व्यासाच्या छतावर २५० मिलिमीटर म्हणजे सातशे टन पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या पावसानं तेवढ्याच छतावर साडेसव्वीसशे टनांहून जास्त पाणी साचलं असतं, ड्रेन तुंबला असता तर.

म्हणून मे महिन्यातच रूफ ड्रेन तपासून घ्या. छतावरचा पालापाचोळा, पक्ष्यांची घरटी, रंगाचे पापुद्रे काढून टाका. पावसात ड्रेनचा बाहेरचा व्हॉल्व उघडा ठेवायचा तर त्यातून पाणीच येतंय ना, तेल नाही ना, हे प्रत्येक फेरीला बघा. आतली नळी फुटली असेल तर त्याच वाटेनं टाकीतलं तेल बाहेर येतं. आणि पाऊस पडत असताना ड्रेनमधून काहीच येत नसेल, तर ती त्याहून वाईट खबर.

दुसरं वीज. ६ ऑक्टोबर २०१७ ला परतीच्या पावसात बुचर आयलंडवरच्या डिझेलच्या टाकीवर वीज पडून आग लागली आणि ती आटोक्यात आणायला दिवस गेले. अर्थिंगच्या जोडण्या, छत आणि भिंत यांना जोडणाऱ्या शंट पट्ट्या पावसाआधी आणि परतीच्या पावसाआधी, दोनदा बघून घ्या. गडगडाट सुरू झाला की डिप, नमुने, छतावरचं काम सगळं बंद.

नववी पायरी: टाकीच्या आत जाणं

नव्या माणसानं स्वतःहून कधीच नाही. टाकी साफ करायला रिकामी केल्यावर सगळ्या लाइन ब्लाइंड लावून तोडतात. फक्त व्हॉल्व बंद करून भागत नाही. मग हवा खेळवतात, मग गॅस टेस्ट. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको, ज्वलनशील वाफ नाही, हायड्रोजन सल्फाइड नाही. गाळ ढवळला की त्यातून परत वाफ सुटते, म्हणून टेस्ट एकदाच करून चालत नाही. सावर तेलाच्या टाकीत भिंतीवर लोखंडाचं सल्फाइड साठतं. ते वाळलं आणि हवा लागली की आपोआप तापून पेट घेतं, म्हणून ते ओलं ठेवतात. बाहेर मॅनहोलजवळ एक माणूस कायम बसलेला असतो. ती जबाबदारी तुमच्यावर आली तर आत किती जण आहेत हे नावानिशी माहीत ठेवा आणि जागा सोडू नका. आणि फ्लोटिंग रूफ खाली उतरलेलं असेल तर त्या छतावर उतरणं हेही टाकीत उतरण्यासारखंच, परमिट (कामाची लेखी परवानगी) लागतं.

दहावी पायरी: वायू साठतो कसा

नैसर्गिक वायू तेलासारखा साध्या टाकीत ठेवता येत नाही, फार जागा खातो. थोडा साठा पाइपलाइनमध्येच दाब वाढवून ठेवतात, त्याला लाइनपॅक म्हणतात. दहेज-उरण-पनवेल किंवा दाभोळ-पनवेल लाइनवर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द रोज येतो. मोठा साठा करायचा तर वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करतात. आकारमान सहाशे पटींनी कमी होतं. हाच एलएनजी. गुहागर तालुक्यात अंजनवेलला आपलं टर्मिनल आहे, गुजरातेत दहेज आणि हजीरा.

एलएनजीच्या टाकीची आतली भिंत ९ टक्के निकेलच्या पोलादाची असते, कारण साधं पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखं तडकतं. बाहेर काँक्रीट, मध्ये इन्सुलेशन. दाब वातावरणापेक्षा किंचितच जास्त. कितीही जाड वेष्टण असलं तरी थोडी उष्णता आत शिरतेच आणि थोडा वायू उकळत राहतो. हा बॉइल-ऑफ सतत काढून घ्यावा लागतो. दोन जहाजांचा वेगवेगळ्या घनतेचा माल एकाच टाकीत थरांनी बसला तर खालचा थर तापत राहतो आणि एकदम वर उलटतो, तेव्हा प्रचंड वायू सुटतो. इटलीतल्या ला स्पेझियाला १९७१ साली असं झालं. म्हणून जड माल वरून भरतात, हलका खालून, म्हणजे आपोआप मिसळतो.

एलएनजीला वास नसतो. घरच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, टर्मिनलवर तो नसतो. इथेही डिटेक्टरवरच भिस्त.

टाकीशिवायही साठा होतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे खडकात खोदलेल्या गुहांमध्ये देशाचा आणीबाणीचा कच्च्या तेलाचा साठा आहे, तिन्हींची क्षमता मिळून ५३.३ लाख टन. भोवतालच्या खडकातल्या पाण्याचा दाब आतल्यापेक्षा जास्त ठेवतात, त्यामुळे पाणी आत झिरपतं आणि तेल बाहेर जात नाही.

शेवटची पायरी: शिफ्ट सोपवणं

आवारात ओआयएसडीच्या (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) मानकांच्या प्रती असतात. १०५ परमिटवर आहे, ११८ टाक्यांमधल्या अंतरांवर. परवाने देणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मुख्यालय नागपूरला आहे. वेळ मिळेल तशी ही मानकं वाचा. पण रोजचं खरं पुस्तक म्हणजे लॉगबुक. ‘सर्व ठीक’ एवढं लिहून कुणाचं भलं होत नाही. प्रत्येक टाकीची लेव्हल आणि ती हाताच्या डिपशी शेवटची कधी जुळवली. कुठली टाकी भरतेय, कुठून, कुठल्या दरानं, किती वाजता थांबवायची. कुठला व्हॉल्व नेहमीच्या जागेवर नाही. कुठला अलार्म बायपास केलाय आणि कुणाच्या सहीनं. कुठलं परमिट अजून उघडं आहे. पुढच्या शिफ्टचा माणूस उशिरा आला तर चालू भरणा सोडून जायचं नाही. तो आला की त्याला सोबत घेऊन भरत्या टाकीपर्यंत चालत जा, त्याच्या समोर लेव्हल वाचा, आणि त्याची सही झाल्यावरच निघा.